शेपूट आल्याशिवाय फेरी संपत नाही

कारखान्यात त्याला टर्नर म्हणत, कारण लेथवर तो पंपाचे दांडे कातायचा. घरात तो ‘अहो’ होता, आणि रविवारच्या सायकलवाल्यांत त्याचं नाव होतं शेपूट. या तिसऱ्या नावाचा त्याला फार अभिमान. दुसऱ्या कुणाला शेपूट म्हणून बघा, अंगावर धावून येईल. हा गडी मात्र गल्लीत छाती पुढे काढून सांगायचा, "आमच्या ग्रुपमध्ये मला शेपूट म्हणतात."

त्याला कारण होतं. सायकलवाल्यांचा एक नियम होता. फेरीत एक जण सगळ्यांच्या मागे राहणार. हत्यारांची पिशवी त्याच्या पाठीवर. कुणाचं पंक्चर, कुणाची चेन, कुणाला लागलेली धाप, सगळं त्याने बघायचं, आणि काही झालं तरी कुणाच्याही पुढे जायचं नाही. तो पोहोचला म्हणजे मागे कुणी राहिलेलं नाही. म्हणून तो येईपर्यंत कुणी डबा उघडायचा नाही. "शेपूट आल्याशिवाय फेरी संपत नाही," असं हेडसर म्हणायचे, आणि हे वाक्य टर्नरने घरी इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याची लेक ते जेवणाच्या वेळी बापाला चिडवायला वापरायची. लेकीला घरात भिंगरी म्हणत. वय अकरा, पाय जागेवर ठरत नाहीत.

सुरुवातीला सायकलवाले चौघंच होते. शाळेचे हेडसर, एक दातवाले डॉक्टर, पुढे गाव सोडून गेलेला एक फोटोग्राफर, आणि हा. हेडसरांच्या जुन्या सायकलचा एक्सल बाजारात मिळेना, तो टर्नरने जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातून दिला. सर म्हणाले, रविवारी ये आमच्याबरोबर. हा गेला. कधी कुणा साहेबाने ‘ये’ म्हटलं नव्हतं, नेहमी ‘इकडे ये’ म्हटलं होतं. दोन्हींत फरक असतो.

त्या पहिल्या हिवाळ्यात तलावापर्यंतची मोठी फेरी ठरली. टर्नरची सायकल म्हणजे बापाने दुधाच्या कॅनसाठी घेतलेलं लोखंडी धूड. पहिल्याच चढाला त्याचा जीव घशाशी आला. बाकीचे तिघं वर थांबून वाट बघतायत, हे त्याच्या इतकं जिव्हारी लागलं की वर पोहोचताच तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी मागेच राहतो. कुणाचं काही बिघडलं तर बघायला कुणीतरी नको का?" ही शुद्ध थाप होती. पण सरांना ती पटली, डॉक्टरांना सोयीची वाटली आणि टर्नरची लाज झाकली गेली. नियम असा जन्माला आला.

पुढे त्याने चाकं बदलली, मडगार्ड काढून फेकले, हबची बेअरिंग स्वतः बसवली. रोज कारखान्यात सायकलनेच जायचा, मांड्या लोखंडासारख्या झाल्या. तो आता त्या सगळ्यांना मागे टाकू शकला असता. पण शेपूट पुढे कसं जाणार? तेव्हा तो दात-ओठ खाऊन हळू चालवायचा, आणि त्यालाच जबाबदारी म्हणायचा.

कारखाना वर्षाच्या शेवटी आठवडाभर बंद असायचा. शाळेलाही सुट्टी. पण टर्नरची बायको एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला होती, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत लोक हॉटेलातच तर जातात. चादरींचे ढीग छतापर्यंत. त्या आठवड्यात तिला सगळे मिळून दोन दिवस सुट्टी मिळायची, त्यातलाही एक दिवस मुकादमिणीशी भांडून. आणि हा दरवर्षी त्यातल्या एका दिवशी तलावावर, नि दुसऱ्या दिवशी दमून झोपलेला.

"यंदा आम्ही पण येणार," बायको म्हणाली.

"तिथे काय करणार तुम्ही?"

"तुम्ही करता तेच. मजा."

"अगं, मी सायकल चालवतो."

"मग आम्ही बघू. लोक सिनेमा बघतात, आम्ही नवरा बघू. तिकीट नाही ना?"

एरवी त्याने टाळलं असतं. पण यंदाची फेरी दहावी होती. सायकलच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे शोरूमवाला म्हणत, दोन वर्षांपूर्वी ग्रुपमध्ये आला होता आणि आल्याबरोबर सगळं त्याने हातात घेतलं होतं. त्याने जाहीर केलं की दहाव्या फेरीला सगळ्यांना निळी जर्सी, पाठीवर ज्याचं त्याचं टोपणनाव. आणि ज्याने दहाच्या दहा फेऱ्या केल्या, त्याच्या छातीवर सोनेरी दहाचा आकडा. टर्नरने मनात हिशेब मांडला. डॉक्टरांचा एका वर्षी पाय मोडला होता. दहाही केलेले दोघंच, हेडसर आणि तो. त्याने ग्रुपवर माप कळवलं, ‘मध्यम’. शोरूमवाल्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. मग काय, गल्लीत, कारखान्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे ती जर्सी अंगात घालून झाली.

"बाबा, तुमच्या पाठीवर ‘शेपूट’ लिहिणार?" भिंगरी हसून लोळली.

"मग? आणि छातीवर सोनं."

"सोनं नको, बटण धड लागलं तरी पुरे," बायको म्हणाली. पण तिने स्वतःचा कोट दोनदा इस्त्री केला, हे त्याने पाहिलं.

फेरीच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की चौकातला दिवा नुसता डाग वाटत होता. बाकीच्यांच्या घरची मंडळी आपापल्या मोटारींतून निघाली. टर्नरच्या घरच्यांना टेम्पोत जागा मिळाली, टेम्पोवाल्याच्या शेजारी, मागे सुपाची भांडी आणि पावाचे खोके. भिंगरीला त्यात काही कमीपणा वाटला नाही. उंच सीट, समोर मोठी काच, आणि टेम्पोवाला तिला हॉर्न वाजवू देत होता.

टर्नर नेहमीसारखा शेवटी निघाला. अर्ध्या वाटेत एका बँकवाल्याचं मागचं चाक बसलं. बोटं गारठून लाकूड झालेली. त्याने टायर उतरवला, काच शोधून काढली, ट्यूब बदलली. बँकवाला शेजारी उभा राहून फोनवर कुणाला तरी हसत सांगत होता, "नाही नाही, चिंता नाही, आमचा माणूस आहे सोबत." टर्नरला बरं वाटलं. ‘आमचा माणूस’ म्हणाला. या दोन शब्दांत काय भरलंय ते तेव्हाच फोडून बघितलं असतं तर पुढचं दुखणं निदान अर्धं झालं असतं. पण गडी खूश होता, चाक फिरवून बघत होता.

चाक बसवून होताच बँकवाला सुसाट निघून गेला. टर्नर तलावावर पोहोचला तेव्हा ऊन पडलं होतं. विश्रामगृहाच्या अंगणात लांबच लांब टेबल. त्यावर अंड्यांची टरफलं, पावाचा चुरा, संत्र्यांच्या साली, उष्ट्या वाट्या. लोक जेवून उठले होते, कुणी बॅडमिंटन खेळत होतं, कुणी पाण्याशी फोटो काढत होतं. आणि त्या उष्ट्या टेबलाच्या मध्यावर त्याची बायको आणि लेक बसल्या होत्या, पुढ्यात दोन कोऱ्या ताटल्या.

"जेवला नाहीत?" त्याने विचारलं.

भिंगरी बोलली. "आई म्हणाली, शेपूट आल्याशिवाय सुरू करायचं नसतं. मला एक अंडं पण घेऊ दिलं नाही. सगळे जेवले, बाबा. आम्हीच नियम पाळला."

"बाकीच्यांना भूक लागली असेल," तो म्हणाला.

"मला पण लागली होती. मग एक काकू म्हणाल्या, तुम्ही कुणाकडच्या? आई म्हणाली, शेपटाकडच्या. त्यांना कळेचना. मग म्हणाल्या, अच्छा, मेकॅनिकच्या घरचे होय, मग जेवून घ्या ना, त्याचं नेहमी बाजूला काढून ठेवतात."

टेबलाच्या कडेला झाकलेली एक ताटली होती खरी. दरवर्षी असायची. चौघंच होते तेव्हा सगळे खरंच थांबायचे, मग हळूहळू थांबेनासे झाले, आणि त्याने घरी सांगायचं मात्र थांबवलं नव्हतं. गेल्या चार-पाच वर्षांत डबा उघडायला त्याची वाट कुणीच बघितली नव्हती. हे त्याला ठाऊक होतं. फक्त या दोघींसमोर ते असं टरफलांच्या शेजारी मांडून ठेवलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"खाऊन घ्या," बायको म्हणाली. "सूप गार झालंय. तुम्हाला सवय असेल."

तिघांनी गार सूप प्यायलं.

मग शोरूमवाल्याने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. खोक्यातून एकेक निळी जर्सी निघू लागली. प्रत्येक टोपणनावाला हशा. डॉक्टरांच्या पाठीवर ‘कवळी’. बँकवाल्याच्या पाठीवर ‘हँडब्रेक’. हेडसरांची जर्सी आली, छातीवर सोनेरी दहा, तेव्हा सगळे उभे राहिले. टर्नरही उभा राहिला आणि परत बसला नाही, कारण त्याच्या हिशेबाने आता त्याचंच नाव होतं. त्याने स्वेटरची बाही ओढून हातावरचं ग्रीस झाकलं. भिंगरी बाकावर चढून उभी होती.

शोरूमवाल्याने रिकामं खोकं उलटं करून दाखवलं. "संपलं. आता, ज्यांच्यामुळे आपली मजा होते, त्यांना कसं विसरायचं?" त्याने दुसरी पिशवी उघडली. तीन केशरी बंड्या, रस्त्यावर काम करणारे घालतात तशा, चकाकत्या पट्ट्यांच्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘मदतनीस’. पहिली टेम्पोवाल्याला. दुसरी विश्रामगृहाच्या स्वयंपाक्याला. तिसरी टर्नरच्या हातात.

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या, हे सांगायला हवं. मनापासून वाजवत होते लोक. चिडावं तर कुणावर चिडावं?

"या जोडीदार," टेम्पोवाला म्हणाला आणि आपली बंडी तिथल्या तिथे घालून मोकळा झाला. त्याला ती आवडली होती. त्याच्या कामाचीच वस्तू होती ती.

"बाबा, यावर नाव कुठंय?" भिंगरीने बंडी उलटीपालटी करून बघितली. "आकडा पण नाही."

टर्नर हेडसरांकडे गेला. सर पाण्याकडे तोंड करून नवी जर्सी चाचपत होते.

"सर, दहा फेऱ्या आपण दोघांनीच केल्यात."

"हो रे. काय दिवस गेले."

"मग हे काय आहे?"

सरांनी बंडीकडे बघितलं. "अरे, ते सुरक्षेसाठी. तू सगळ्यांत मागे, मागून गाड्या येतात. केशरी लांबून दिसतं. उलट तुझाच विचार केलाय."

"मदतनीस लिहिलंय."

"मग मदत करतोसच की. त्यात वाईट काय?" सर हसले, मग त्याचा चेहरा बघून हसायचे थांबले. "हे बघ, शेपटा. पहिल्या वर्षी तूच म्हणालास, मला मागे राहू द्या. कुणी ढकललं का तुला? तुला आवडतं म्हणून आम्ही कधी बदललं नाही."

सर खोटं बोलत नव्हते. चढावरची ती थाप त्याचीच होती. दहा वर्षं ती लोकांनी खरी मानली, आणि खरी मानून तिच्यावर एक बंडी छापली. ‘सर, तेव्हा मला चढ चढवत नव्हता’ एवढं एक वाक्य त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच सुकलं. ते बोलायलाही लाज, न बोलायलाही लाज.

त्याने हत्यारांची पिशवी पाठीवरून काढली आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर नेऊन ठेवली. वर बंडी टाकली.

"हे इथे कशाला?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"मदतनिसांचं सामान टेम्पोत."

बायको ते बघत होती. "अहो, डोकं फिरवून घेऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली. "घरी जाऊन काय ते बोला."

पण त्याच्या डोक्याला तोवर चाकं लागली होती.

परतीच्या वाटेवर तो निघाला तोही शेवटीच. मग पाय मोकळे सोडले. पहिला मागे पडला बँकवाला. मग एकामागून एक निळ्या पाठी. ‘चिमणी’, ‘हवालदार’, ‘उशीर’, ‘कवळी’. थंड वारा कानांत शिट्या घालत होता, चाकाखालून रस्ता दोरीसारखा ओढला जात होता. ज्या टेकडीवर त्याचा पहिल्या वर्षी जीव गेला होता तिचा या बाजूचा चढ त्याने सीटवरून न उठता काढला. आता बघा, त्याला वाटत होतं. आता बघा म्हणावं कोण मागे राहतो ते. आणि चढाच्या माथ्यावर त्याने हेडसरांना गाठलं. सरांनी वळून बघितलं, चेहऱ्यावर एकदम काळजी.

"काय रे? पुढे कुणाचं काही बिघडलंय का?"

तो पुढे गेला. शोरूमवालाही तेच ओरडला, "कुणाचं पंक्चर?" म्हणजे त्याला पुढे बघूनही कुणाला तो जोरात चालवतोय असं वाटलं नाही. मदतनीस घाईने चाललाय, म्हणजे कुठेतरी काम निघालं असणार. त्यांना मागे टाकूनही तो त्यांच्या पुढे गेला नव्हता.

गावात तो सगळ्यांच्या आधी पोहोचला. गल्लीच्या तोंडाशी कठड्यावर बसून राहिला. अंगावरचा घाम गार पडला. ग्रुपमधले एकेक येऊन वळून आपापल्या घरी गेले. टेम्पो अंधार पडता पडता आला.

पुढच्या दारातून डॉक्टर उतरले. पाठीवर ‘कवळी’, गळ्याभोवती टर्नरच्या बायकोची शाल.

"अरे, होतास कुठे तू?" डॉक्टर म्हणाले. रागाने नाही, कामावरचा माणूस न सांगता गेला तर विचारतात तसं. "चढ उतरलो आणि चेन तुटली. तुझी वाट बघत उभा राहिलो रस्त्यावर. शेवटी हा टेम्पो आला म्हणून बरं."

"मी पुढे होतो."

"पुढे काय करत होतास?"

"सायकल चालवत होतो."

टेम्पोवाल्याने मागची फळी पाडली. सुपाच्या भांड्यांमध्ये, डॉक्टरांची सायकल मांडीवर घेतल्यासारखी धरून, बायको बसली होती. भिंगरी तिच्या कोटात शिरलेली, नाक लाल, ओठ निळे. इस्त्री केलेल्या कोटावर चेनचं काळं वंगण खांद्यापासून खिशापर्यंत ओघळलं होतं.

"ताईंनी जागा दिली म्हणून," टेम्पोवाला ओशाळून म्हणाला. "डॉक्टरसाहेब घामाघूम होते, वाऱ्यात मागे कसे बसणार? मीच म्हटलं ताईंना, जरा मागे बसता का."

डॉक्टरांनी शाल काढून बायकोच्या हातात दिली, थँक्यू म्हणाले, आणि सायकल टर्नरच्या भिंतीला टेकवली. "ही बघून टाक. घाई नाही, परवापर्यंत झाली तरी चालेल."

"घेऊन जा," टर्नर म्हणाला.

"आं?"

"सायकल. घेऊन जा इथून."

"अरे, चेन नाही तिला. नेऊ कशी?"

"ढकलत."

मग त्यांना काहीतरी उमगलं, आणि जे उमगलं ते नेमकं चुकीचं. "जर्सीवरून बिनसलंय का तुझं? अरे वेड्या, मग बोलायचं ना. एक जास्तीची छापून घेऊ. काय अवघड आहे?"

टर्नरने सायकल भिंतीपासून सोडवली आणि त्यांच्या हातात दिली. डॉक्टर मान हलवत, एक हात सीटवर ठेवून, गल्लीच्या बाहेर चालत गेले. हत्यारांची पिशवी टेम्पोवाल्याने फळीवरून खाली ठेवली, बंडीसकट, आणि तोही गेला.

टर्नरला वाटलं, आता बायको म्हणेल, बरं केलंत. निदान एवढं तरी. ती कोटावरचा डाग नखाने खरवडत होती.

"तुम्ही पुढे निघून गेलात," ती म्हणाली, "आणि आम्हाला मागे बसवलं. कुणाचं कुणावर काढलंत ते बघा एकदा."

"मला काय माहीत त्याची चेन तुटेल?"

"दहा वर्षं तेवढंच तर माहीत असायचं तुम्हाला." ती लेकीला घेऊन आत गेली. दारातून म्हणाली, "माझे दोन दिवस होते. एक झाला."

घरात पाणी तापवलं, भिंगरीचे पाय त्यात बुडवले. पोरीला जरा ऊब आल्यावर तोंड सुटलं. "डॉक्टरांनी सायकल ढकलत का नेली? त्यांना येत नाही?"

"चेन तुटली त्यांची."

"अच्छा. मला वाटलं, माझ्यासारखंच."

ती सहज बोलली, तक्रार नव्हती त्यात. पण टर्नर पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच राहिला. त्याच्या पोरीला सायकल येत नव्हती. हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? दर रविवारी हा दुसऱ्यांची चाकं फिरवायला बाहेर. पुढच्या वर्षी शिकवू, उन्हाळ्यात शिकवू, पाय पोहोचू दे, असं म्हणता म्हणता पाय कधीच पोहोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या सायकलची सीट खाली घेतली, टायरमधली हवा थोडी कमी केली आणि भिंगरीला मागच्या गल्लीत नेलं. कंपाउंडच्या भिंतीवर शेजारची लहान पोरं ऊन खात बसली होती. भिंगरी चढली. त्याने सीट धरली. "समोर बघ. हँडलकडे नाही, समोर. मी धरलंय." ती चार हात गेली नि भिंतीवर कलली. परत चढवलं. परत कलली. भिंतीवरची पोरं आधी कुजबुजली, मग त्यातला सहा वर्षांचा एक जण आपली छोटी सायकल काढून त्यांच्या भोवती गोल गोल फिरू लागला, एक हात सोडून.

तिसऱ्यांदा भिंगरी स्वतःच उतरली.

"अजून एकदा," टर्नर म्हणाला. "आता जमतंय."

"नको, बाबा."

"अगं, सगळे पडतात आधी. मीसुद्धा पडलो होतो."

"कधी?"

"तुझ्याएवढा असताना."

"नाही. तुम्ही पडलात तेव्हा पाच वर्षांचे असाल." ती रडत नव्हती. तिने हातमोजे काढून त्याच्या हातात दिले. "मला नाही शिकायचं आता. माझ्या मैत्रिणी हसतील. त्यांना सगळ्यांना येते."

"कुणी हसणार नाही. उद्या पहाटे येऊ, कुणी नसतं."

"मला मैत्रिणींकडे जायचंय. आम्ही बाहुल्यांचं नाटक बसवतोय. आईला विचारलंय मी."

"मी सोडतो तुला."

"नको, बाबा. समोरच तर आहे."

ती गेली. वळणावर तिने पाय झटकून चिखल काढला आणि दिसेनाशी झाली. खिडकीत बायको उभी होती, तिने सगळं बघितलं असावं. तिच्या हातात कोट होता, डाग गेला नव्हता.

"आत या," ती म्हणाली. "थंडी आहे."

"येतो."

त्याने सीट परत आपल्या उंचीला चढवायला घेतली. बोल्ट अर्धा पिळला आणि थांबला. मग सीट तशीच खाली ठेवून, सायकल भिंतीला लावून, तो भिंतीवरच्या पोरांशेजारी जाऊन बसला. पोरं जरा सरकली.